छोटी उडी

३ फेब्रुवारी २०१४, काचीगुडा

आज राहायला आलो. खोली स्टेशनमागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर. दोन खिडक्या आहेत. एकीतून रुळांचा तुकडा दिसतो, दुसरीतून शेजारच्या गच्चीवर वाळत घातलेल्या मिरच्या. गाडी आली की काचा थरथरतात. आईला ते आवडलं. म्हणाली, गावाकडची गाडी रोज दाराशी येऊन हाक मारून जाईल.

घरमालकीण केसरबाई खाली राहतात. तीन पिढ्यांपूर्वी लातूरकडून आलेलं शेतकरी घर. आता मुलगा बँकेत, सून शाळेत. त्यांची मराठी ऐकायला गंमत वाटते. सामान चढताना त्यांनी बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर पाहिली. भिंतीवरून हात फिरवला. मग म्हणाल्या, खिळा मारायचा तर मला पूछून मारा, दीवार कच्ची आहे. संध्याकाळी चहा वर पाठवला. आई म्हणाली, बाई वाईट नाही, फक्त भिंतीची काळजी फार.

मी एम.ए. मराठी. काही वर्षं तासिकेवर शिकवलं. आता कुकटपल्लीच्या एका कंपनीत संगणकावरचे खेळ तपासायची नोकरी. मुलाखतीत त्यांनी एक खेळ दिला आणि काय काय खटकलं ते लिहायला सांगितलं. मी भरपूर लिहिलं. दिवसभर खेळायचं आणि त्याला नोकरी म्हणायचं, यात काहीतरी लबाडी आहे असं आईचं मत.

उद्या पहिला दिवस. बस कोठीहून मिळते. कोठीपर्यंत चालत, बडी चावडीवरून, सुलतान बाजारातून. आई पोचवायला येणार. नको म्हणून उपयोग नाही. आमच्याकडे जाणाऱ्याला एकटं सोडत नाहीत. देगलूरकडच्या आमच्या गावात ओढ्यापर्यंत पोचवायचे. जाणाऱ्यानं पलीकडे गेल्यावर एकदा मागं वळून पाहायचं. मग पोचवायला आलेल्यानं हात वर करायचा आणि घरी फिरायचं. त्यानं पाहिल्याशिवाय फिरायचं नाही. वडील एकदा सायकलवर तसेच निघून गेले. दुपारी परतले तर आई ओढ्याशीच उभी. तिनं विचारलं, मान आखडली होती का तुमची? वडील हा किस्सा हसून सांगत. आई हसत नसे.

७ फेब्रुवारी

काम समजलं. ऑफिस फरशीच्या एका दुकानावर आहे. समोर मेट्रोचे खांब उभे राहताहेत, त्यांच्यावर अजून काही नाही.

खेळ असा. एक तारा, त्याभोवती ग्रह, ग्रहांवर तळ. खेळाडू यान घेऊन या ग्रहावरचा माल त्या ग्रहावर नेतो. एका ताऱ्याकडून दुसऱ्या ताऱ्याकडे जायला पहिल्यापासून दारं आहेत. पण एकाच ताऱ्याच्या घरात, ग्रहावरून ग्रहावर जायला वेळ लागतो. मधे काही नसतं. काळोख आणि यंत्राची घरघर. खेळाडू कंटाळतात, यान तसंच सोडून जेवायला उठतात. म्हणून आता छोटी उडी. पुढचं ठिकाण निवडायचं, बटण दाबायचं. यान इथून नाहीसं, तिथे हजर. प्रकाशाच्याही आधी. मी दिवसभर उड्या मारायच्या आणि काय चुकतंय ते सांगायचं.

आमच्या गटाचा प्रमुख फणींद्र. भीमावरमचा. हसरा माणूस, सगळ्यांच्या आधी आलेला असतो. त्यानं मला समजावलं की यान खरं तर कुठेच जात नाही. इथलं पुसायचं, तिथे काढायचं. मधलं काय, असं मी विचारलं. तो म्हणाला, मधलं बनवतच नाही. जे कुणी बघत नाही ते मशीन बनवत नाही. कायकू बनाना?

चाचणीच्या ग्रहांना नुसते आकडे होते. मला आकडे लक्षात राहत नाहीत. मी माझ्या वाटेवरची नावं दिली. काचीगुडा, सुलतान बाजार, कोठी, नामपल्ली, अमीरपेट, कुकटपल्ली. सगळे हसले. कुणीतरी म्हणालं की अमीरपेटला ट्राफिक न लागता पोचणं हीच खरी विज्ञानकथा.

२१ फेब्रुवारी

काल राज्य वेगळं करण्याचं विधेयक वरच्या सभागृहातही मंजूर झालं. रस्त्यावर फटाके, गुलाल. ऑफिसात अर्धी माणसं आनंदात, अर्धी गप्प. जी गप्प होती ती मध्येच उठून गॅलरीत जाऊन घरी फोन करत होती. ऑफिसचेही दोन भाग होणार, एक विशाखापट्टणमला जाणार, असं बोललं जातं. फणींद्रला विचारलं तर तो परवालेदु म्हणाला. त्याचं सगळ्यालाच परवालेदु असतं, काही हरकत नाही.

आईला हे सांगितलं तर ती आजीची गोष्ट घेऊन बसली. छप्पन साली निजामाचं राज्य वाटलं गेलं तेव्हा आमचं गाव मुंबईकडे गेलं आणि आजीची बहीण भागूबाई इकडे राहिली. आजी म्हणायची, गावानं पाऊल उचललं नाही आणि गाव गेलं. आई म्हणाली, तुझ्या त्या उडीत नवीन काय आहे?

उडीतल्या दोन गोष्टी मला आवडल्या. पहिली, पोचल्यावर दुर्बिणीतून मागं पाहिलं तर आपलंच यान अजून तिथे दिसतं, निघायच्या बेतात. आपण प्रकाशाच्या आधी पोचतो. आपला उजेड मागे राहतो. दुसरी, तळावरून निघताना एक छोटं पिवळं यान सोबत येतं. मोकळ्या जागेपर्यंत पोचवतं. मग मोठं यान एकदा मागं वळून दिवा दाखवतं आणि पिवळं परत फिरतं. हे फणींद्रनं स्वतः बनवलंय. मी त्याला आमच्या ओढ्याचं सांगितलं. तो नेहमीसारखा हसला नाही.

आई रोज कोठीपर्यंत येते. तिच्या डाव्या चपलेचा अंगठा तुटलाय, तिनं तार बांधलीय. तारेची टकटक सुलतान बाजारात, दुकानं उघडायच्या आधी, चांगली ऐकू येते. नवी घे म्हटलं तर म्हणते, हिचा अजून जीव गेला नाही.

५ मार्च

एक चूक सापडली. मोठी आहे असं मला वाटतं.

उडी मारल्यावर मोठं यान नाहीसं होतं. त्यामुळे ते मागं वळत नाही, दिवा दाखवत नाही. आणि दिवा दिसल्याशिवाय पिवळं यान परत फिरत नाही. ते तिथेच थांबतं. मी आज उडी बंद करून, साध्या वेगानं, त्या जागेकडे गेलो. माझ्या इतक्या दिवसांच्या उड्यांची सगळी पिवळी यानं तिथे होती. एकामागे एक, तोंडं एकाच दिशेला.

फणींद्रला दाखवलं. त्यानं पडद्यावर बोट ठेवून पिवळी यानं मोजली. मग म्हणाला, कोणी बघायला जाणार आहे का तिथे? खेळाडू उडी मारणार, पुढे जाणार. राहू दे.

मी चूक लिहिली. त्यानं शेरा मारला: दुरुस्ती नाही.

१८ मार्च

आज एक गंमत. कोठीला आईजवळून निघालो आणि एकदम ऑफिसचा जिना चढत होतो. मधला रस्ता आठवेना. बस आठवेना. तिकीट खिशात नव्हतं. असं होतं माणसाचं, रोजची वाट सवयीनं कटते. तरी अमीरपेटचा तो भयंकर चौक आज मला भेटलाच नाही, याचा आनंद झाला. फणींद्रला सांगितलं. त्यानं विचारलं, कितनी बार? मी म्हटलं पहिल्यांदाच. तो म्हणाला, बरं. आणि कामाला लागला.

२ एप्रिल

आता रोज होतं. घरून निघतो, ऑफिसात असतो. ऑफिसातून निघतो, घरी असतो. आज डबा उघडला तर भाकरी गरम होती. तव्यावरून उतरल्यासारखी. वरून लावलेलं तूप अजून पसरत होतं.

मी खूश होतो, लिहायला हरकत नाही. बसमधला घाम नाही, धक्के नाहीत. बंद असो, मिरवणूक असो. सगळं शहर ज्यासाठी तडफडतं ते मला फुकट मिळालं.

फक्त आईचं काहीतरी बिनसलंय. केसरबाई सांगत होत्या, आजकाल तुमची अम्मा लई लेट येते, दोपहर होते. आईला विचारलं. ती म्हणाली, तू मागं वळून बघत नाहीस. मग मी उभी राहते. मी म्हटलं, बघतो की. ती म्हणाली, मला शिकवू नको. तुझा बाप पण असंच म्हणायचा.

मला खरंच आठवत नाही, बघतो का ते.

१४ एप्रिल

जयंती. दोघं मिळून टँकबंडच्या पुतळ्याकडे निघालो. आईनं पांढरं लुगडं नेसलं होतं. मी मुद्दाम तिचा हात धरून जिना उतरलो.

पुतळ्यासमोर उभा होतो. हातात काही नव्हतं.

आई खूप उशिरा आली. घामानं भिजलेली, ओठ सुकलेले. मी धावत गेलो. ती मला बघून दचकली. मग रागावली. म्हणाली, सबंध रस्ताभर बोलतेय, एका शब्दाला उत्तर नाही. नुसता पुढं बघून चाललास. पाणी मागितलं तरी थांबला नाहीस. आणि आता इथं गर्दीत हात सोडून पुढं पळालास.

तुझ्यासोबत मी नव्हतो, आई. मी कधीचा इथे आहे.

हे मी बोललो नाही. तिला निळ्या बर्फाचा गोळा घेऊन दिला. तिनं जीभ दाखवली, लहान मुलीसारखी. आम्ही हसलो.

२३ एप्रिल

आठवडाभर चालून बघतोय. सुलतान बाजारात जाऊन यायचं, एवढंच. जमत नाही. दाराबाहेर पाय टाकतो आणि सुलतान बाजारात असतो, कापडाच्या दुकानासमोर. मधे बडी चावडी असते हे मला माहीत आहे. ती येत नाही. रिक्षात बसलो तर रिक्षातून उतरत असतो.

मी कुठेही जाऊ शकतो. फक्त मधे थांबू शकत नाही.

आज फणींद्रला सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला. मग आवाज न चढवता म्हणाला की त्याचंही असंच आहे. उडी बनवली तेव्हापासून. गेल्या दिवाळीला तो गावाहून निघाला, बायको बसस्टँडवर सोडायला आली होती. तो इथे पोचला. ती घरी पोचली नाही. भावानं फोनवर सांगितलं की वहिनी ठीक आहे, आम्हाला रोज दिसते, तुझ्यासोबत स्टँडकडे जाताना. तिला कुणी शोधत नाही. ती हरवलीये असं कुणाला वाटतच नाही.

मी विचारलं, तू गेला नाहीस शोधायला? तो म्हणाला, गेलो ना. रोज जातो. स्टँडवर पोचतो. घरी पोचतो. ती त्या दोन्हीच्या मधे आहे.

मग तो म्हणाला, आईला घरात ठेव. पोचवायला येऊ देऊ नको. आणि उठून चहा आणायला गेला.

६ मे

आईला सांगितलं, यायचं नाही. ती म्हणाली, वेडा आहेस. मी पाया पडलो. तिनं कबूल केलं.

ऑफिसातून फोन केला. उचलला. मागे दुकानांची शटर उघडायचा आवाज. टकटक. मी ओरडलो, आई, तू बाहेर कशाला आलीस? ती म्हणाली, कोण बोलतंय?

मी म्हटलं, दौलत.

ती म्हणाली, थट्टा करू नका कुणी. माझा दौलत हा काय, माझ्या शेजारी चाललाय.

संध्याकाळी घरी आली. दमलेली. फोनचं तिला काही आठवत नाही. पाय सुजलेत. मी गरम पाणी केलं, मीठ टाकलं, पाय दाबत बसलो. ती म्हणाली, सकाळी इतका परक्यासारखा वागतोस आणि आता बघ.

१० मे

ऑफिसचे भाग ठरले. खेळाचेही. नवं राज्य दोन जूनला होणार; खेळाची ग्रहमालाही त्याच दिवशी दोन सर्व्हरवर वाटणार. ग्रह वाटून झाले. मधली जागा कुणाच्याच वाट्याला आलेली नाही. ती काढून टाकणार.

मी विचारलं, त्यात जे असेल त्याचं काय? समोरच्या टेबलावरचा मुकुंदराव म्हणाला, अहो सर, मराठीवाले लई इमोशनल. त्यात काही नसतंच की.

फणींद्र खाली बघत होता.

१४ मे

पौर्णिमा. ऑफिसला गेलो नाही. घराबाहेर पडायचंच नाही असं ठरवलं. आईनं खीर केली. पंचशील म्हटलं. मी खाटेवर बसून होतो.

आईनं वाटी धुतली, पदर खोचला, चप्पल घातली आणि म्हणाली, चल, उशीर होतोय तुला.

मी म्हटलं, आई, आज मी जात नाही. मी इथे आहे.

ती माझ्याकडे बघत नव्हती. दाराकडे बघत होती. दारात कुणी नव्हतं. ती त्या कुणी नसलेल्याला म्हणाली, डबा घेतला का?

ती जिना उतरली. खिडकीतून पाहिलं. गल्लीत ती होती. तिच्या उजव्या हाताला माझा निळा शर्ट. माझी बॅग. माझी चाल, थोडी वाकलेली. तो पुढं बघत होता.

मी धावलो. उंबऱ्यावर पाय दिला.

कुकटपल्ली. ऑफिसचा जिना.

१५ मे

आई रात्री घरी आली नाही.

फोन लागतो. ती उचलते. म्हणते, मी पोचवायला आलेय, तो वळला की फिरते. कुठं आहेस विचारलं तर म्हणते, इथंच की.

१७ मे

पोलिसांकडे गेलो. त्यांचीही बदल्यांची, वाटणीची गडबड. एकानं नीट ऐकून घेतलं. गल्लीत येऊन चौकशी केली. केसरबाईंनी सांगितलं, कायकू परेशान होता साहेब, दोघं रोज सकाळी जातात की. मी पाहते ना. आज पण गेले. सुलतान बाजारातला ब्लाउजपीसवाला म्हणाला, हौ, अम्मा आणि बेटा. बेटा जरा घमंडी आहे, सलाम घेत नाही.

पोलीस माझ्याकडे बघून म्हणाला, तुम्ही आराम करा.

२० मे

काल केसरबाईंच्या पाया पडलो. म्हटलं, उद्या ती दिसली की हाताला धरून थांबवा. त्यांनी कबूल केलं. आज संध्याकाळी म्हणाल्या, थांबवली ना. अम्मा बोलल्या, आता थांबता येत नाही, तो अजून वळला नाही. मी काय करू? हात गरम होता त्यांचा, बुखार होता.

ताप आहे तिला.

२४ मे

फोनवर आवाज बारीक. पाणी मागते. माझ्याकडे नाही, त्याच्याकडे. तो देत नाही. त्याला काही देता येत नाही, तो नुसता उजेड आहे. माझा मागे राहिलेला. मी वळलो नाही म्हणून तोही वळत नाही.

मी फोनमध्ये ओरडतो. ती म्हणते, राँग नंबर.

२८ मे

फोन लागत नाही.

२९ मे

फणींद्र कुठे आहे कुणाला माहीत नाही. खुर्चीवर डबा आहे. भात गरम आहे.

३१ मे

ऑफिस रिकामं. खोकी बांधलेली. मी एकटा बसून उडी बंद केली आणि साध्या वेगानं त्या जागेकडे निघालो. सबंध दिवस. जरा नजर हलली, पुढच्या ग्रहाचं नाव मनात आलं की उडी बंद असूनही झटक्यात तिथे पोचायचो. परत पहिल्यापासून. उडी लागते ती ठिकाण मनात आलं की. मग मी फक्त समोरचं बघत राहिलो. हा दगड. ही धूळ. हा तारा. कुठेही जायचं नाही असं.

आणि पोचलो. पिवळी यानं होती. मी मागं वळलो, दिवा दाखवला.

एक हललं. फिरलं. घरी निघालं.

म्हणजे होतं. उशिरा वळलं तरी चालतं.

१ जून

पायाखाली बघत चालायचं. जे दिसेल ते लिहायचं. लिहिलं की बघितलं जातं, बघितलं की ते असतं. कोठी मनात आणायची नाही. आईसुद्धा मनात आणायची नाही.

सकाळी निघायचं. उद्या दोन तारीख. नंतर मधलं राहील की नाही, माहीत नाही—

२ जून, सकाळ

उंबरा. पहिली पायरी, कड तुटलेली. केसरबाईंची तुळस. गटार. गटारावर फरशी, फरशीवर मांजर. मांजर आहे. मी अजून गल्लीत आहे—

विजेचा खांब. गुलाबी पताका. कुठूनतरी ढोल, नव्या राज्याचा. बघायचं नाही तिकडे. भिंत. भिंतीवर चुना. चुन्यात बोटांचे ठसे—

बडी चावडी. किती दिवसांनी. भाजीची हातगाडी, वर ओलं पोतं. माणसं नाहीत. आवाज येतो, माणसं नाहीत—

टकटक.

पुढे आहेत. दोघं. निळा शर्ट आणि आई. पांढरं लुगडं, मळलेलं. डावा पाय ओढतेय. माझ्यापासून दुकानभर लांब. मी चालतो तेवढंच ते चालतात. अंतर तेवढंच—

हाक मारली. वळली नाही. ती त्याच्याकडे बघतेय. तो पुढे—

वळायचं मलाच आहे. तो माझाच उजेड. मी वळलो तर तोही वळेल, उशिरा. पण वळायचं म्हणजे तिच्याकडे पाठ करायची. बघितलं नाही तर ती— जे कुणी बघत नाही ते—

दुसरा रस्ता नाही.

वळलो.

समोर आता घराची बाजू. हातगाडी. पोतं. वहीत बघून लिहितोय. पाठीमागे टकटक थांबली. तो वळला असेल. ती हात वर करत असेल. मला दिसत नाही. मागं बघायचं नाही. आता तिची पावलं फिरतील, माझ्या बाजूनं घराकडे जातील, तेव्हा दिसेल—

टकटक. येतेय. जवळ. आई—

दोघांची पावलं आहेत.

शेजारून गेली. ताप आहे, वास आला. माझ्याकडे बघितलं नाही. तो तिचा हात धरून आहे. तिला काहीतरी सांगतोय, माझ्या आवाजात, ती हसली. दोघं घराकडे चालले. तिला घरी नेतोय. बरं आहे. पाणी देईल तो, आता त्याला—

मीही निघतो. पाय—

पाय उचलत नाही. घर मनात आणलं तरी नाही. आता जाणारा तो आहे. पोचवायला आलेला मी. त्यानं एकदा मागं वळून पाहिल्याशिवाय मला

गल्लीचं वळण आलं. दौलत, मागं बघ की रे, एकदा, दौ